एक की सात

५ डिसें. ७१, रवि.
लढाई लागून दोन दिवस. चावडीवरचा रेडिओ ऐकून आलो. आपल्या पलटणीचं नाव काही घेत नाहीत. गावात म्हातारे, बाया आणि उभा ऊस. आमचा भैरू आणि तानूवहिनीचा भैरू एकाच पलटणीत. दोघंही भैरोबाच्या नवसाचे, साताऱ्यात एकाच दिवशी भरती झालेले. नंबरसुद्धा शेवटचा आकडा सोडला तर एकच. आमच्याचा एक, तिच्याचा सात. घरची म्हणते, "आवं, नगा जाऊ त्यो रेडिओ ऐकाया."

९ डिसें.
पाटणहून तार. सिपाही भैरू जाधव. इंग्रजीत, म्हणून शाळेच्या मास्तरांनी वाचली. "मिसिंग. म्हणजे सापडत नाही, नाना. मेला असं लिहिलेलं नाही." पण कोणता भैरू? नंबर शिसपेन्सिलीनं लिहिलेला. शेवटी एक की सात, कळेना. चष्मा पुसला, कागद उन्हात धरला. वरती शेपूट आहे की कागदाची चुणी? पत्ता, आर. बी. जाधव. मी राऊ बापू. वहिनीचा नवरा, माझा चुलतभाऊ रामा बाबू, दोन वर्षांमागं वारला. म्हणून लोकांनी ठरवलं, तार नानाचीच. घरची तेव्हापासून भिंतीला टेकून बसलीय.

१० डिसें.
जुन्या वहीत अर्धं लिहिलेलं पोस्टकार्ड सापडलं. रामा गेला तेव्हा वहिनी म्हणाली होती, पलटणीला कळवा, आता कागद माझ्या नावानं येऊ द्या. तिला लिहिता येत नाही. मी पत्ता घातला, 'रामा बाबू जाधव मयत' एवढं लिहिलं आणि हात पुढं जाईना. उद्या पुरं करू म्हणून ठेवलं ते ठेवलंच. म्हणजे पलटणीच्या लेखी रामा जिवंत आहे. तारेवरचा आर. बी. तोही असू शकतो.

१२ डिसें.
वहिनी भाकरी घेऊन आली. "भावजी, माझं कार्ड धाडलं व्हतं न्हवं?"
"व्हय."
तोंडातून निघूनच गेलं.
"मग तार तुमचीच की वो," म्हणाली आणि रडाय लागली. माझ्या पोरासाठी. मी ताटावर बसलेला. मनात आलं, सात असू दे. लगेच कान धरले. पण आलं ते आलंच.

१४ डिसें.
पाटणला जाऊन आलो. पोस्टातला बाबू म्हणाला, "नंबर परत विचारलाय, आजोबा. लढाई चालू हाय, टाइम लागंल." येताना एस.टी.त समोरच्याच्या तिकिटावरचे आकडे वाचत बसलो. एक, सात, एक.

१७ डिसें.
लढाई थांबली. आपण जिंकलो. गुलाल, हलगी. आमच्या दारापाशी आल्यावर हलगी बंद केली, चार घरं पुढं जाऊन परत सुरू. लोकांनी वहिनीला पेढा दिला. तिनं खाल्ला नाही, पदराला बांधून घरचीला आणला. "खा गं, तुझाबी येतोय बघ."
खरं बोललो तर घरची दोन घास खाईल. खरं बोललो तर तिकडची चूल विझेल. आणि गप्प बसलो तर हे असं.

२० डिसें.
घरची म्हणाली, "काय लपवताय तुमी?" मी म्हटलं, कुठं काय. कार्ड बंडीच्या खिशात आहे. घामानं शाई फुटतेय. 'मयत' तेवढं स्पष्ट.

२२ डिसें., बुध.
सकाळी वहिनी आंबील घेऊन आली. मी धीर केला. "वहिनी, ते कार्ड..."
"आदी प्या वो. गार हुतंय."
तेवढ्यात ओढ्यापलीकडून पोस्टमनची हाक. "जाधवांचं पत्र!" कोणत्या जाधवांचं, ते वाऱ्यात गेलं. मी उठायला लागलो. वहिनी म्हणाली, "बसा भावजी, मी आणते."
उतरून गेलीय. घरची उंबऱ्यात उभी. मी वही काढून बसलोय, हाताला काहीतरी हवं म्हणून.
वहिनीला वाचता येत नाही. पत्र कुणाचंही असो, माझ्याकडंच आणणार. आणि मी वाचेन त्यावर विश्वास ठेवणार.
वर येताना दिसतेय. भराभर येतेय.