पंगतीतला कट

सर, आज मी वर्गात एका विद्यार्थ्याला रडवलं. शांती नगरातला आपला व्हिडिओ शूटिंगचा क्लास अजून त्याच जागी आहे, फरसाणच्या दुकानाच्या वर, आणि शनिवारी अजूनही मुलं स्वतः केलेले गाण्यांचे व्हिडिओ घेऊन येतात. पूर्वी सीडी आणायची, आता मोबाइल पुढे करतात. याने दोन चादरी आणि एका टॉर्चच्या भांडवलावर प्रेमभंग चित्रित केला होता. मी तुमच्यासारखाच गाण्याचा आवाज बंद केला, व्हिडिओ पहिल्यापासून लावला, त्याला टीव्हीशेजारी उभं केलं आणि म्हटलं, "गाणं छान आहे, पण ते तू केलेलं नाहीस. आता जे उरलंय त्यात तुझं काय, ते दाखव." तो म्हणाला, "मॅडम, फीलिंग आहे ना त्यात." मी म्हटलं, "कुठल्या सेकंदाला?" वर्ग हसला आणि त्याचे डोळे भरले. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

माझ्या वेळी तुम्ही एवढेही शब्द खर्च केले नव्हते. मी मुर्धा गावच्या जुन्या मिठागरात जाऊन, मावसभावाचा हँडीकॅम मागून आणून माझा पहिला व्हिडिओ केला होता. त्यात मीच नायिका, ओढणी उडवत चिखलातून चाललेली. तुम्ही आवाज बंद केला, शेवटपर्यंत पाहिलं आणि म्हणालात, "बाई मिठागरात हरवल्या आहेत, कोणीतरी घरी नेऊन सोडा." पुढे वर्षभर पोरं मला "घरी सोडू का?" असं विचारत होती. त्यातही तुमचा सगळ्यात जास्त राग होता तो लग्नाच्या व्हिडिओंवर. कोणी बदामाच्या आकारातून दुसरं दृश्य आणलं की तुम्ही नाक मुरडायचात. "हा काय लग्नाचा आल्बम आहे?" हे तुमचं वाक्य आम्हाला पाठ झालं होतं.

आणि मग माझ्या मुर्ध्याच्या मैत्रिणीच्या भावाचं लग्न आलं. रविवार, टळटळीत दुपार, मांडवात बँजो वाजतोय, आणि नवरीच्या करवल्यांना "हसा, हसा, इकडे बघा" असं ओरडणारा शूटिंगवाला म्हणजे तुम्ही. शर्ट पाठीला चिकटलेला, खांद्यावर तो मोठा कॅमेरा. तुम्ही मला पाहिलं नाहीत. माझ्याकडे हँडीकॅम होताच, मैत्रिणीसाठी आणलेला. मी मांडवाच्या खांबाआड बसून दोन तास फक्त तुम्हाला टिपलं. कोणाची तरी मावशी तुमच्यावर खेकसते, ते टिपलं. तुम्ही घाम पुसता पुसता नवरदेवाचा फेटा सरळ करता, ते टिपलं. शेवटी तुम्ही जेवायला बसलात, भातावर डाळ घेतलीत, आणि घरचा एक म्हातारा तुमच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "ओ शूटिंगवाले, उठा. ही सोयऱ्यांची पंगत हाय, तुमची न्हाय. मागून बसा."

आठवड्याभरात आम्ही तिघांनी गाणं रचलं. "शनिवारी शिकवितो कला, रविवारी वरातीला चला." शब्द माझे, चाल एका कीबोर्डवाल्याची, आवाज त्याच्या मित्राचा. दृश्यं जोडायला मी मुद्दाम बदामच वापरले, एकोणीस बदाम. नाव न घालता सीडी तुमच्या टेबलावरच्या गठ्ठ्यात सरकवली आणि तिसऱ्या रांगेत जाऊन बसले. आज मजा बघायची, एवढाच विचार डोक्यात होता.

दहा सेकंदांत तुमच्या लक्षात आलं. तुम्ही थांबवाल, सीडी मोडाल, निदान ओरडाल, असं वाटलं होतं. तुम्ही अख्खं पाहिलंत. वर्गात कोणी हसत नव्हतं, आणि मला पोरांच्या त्या भित्रेपणाचाच राग येत होता. मग तुम्ही नियमाप्रमाणे आवाज बंद करून ते परत लावलंत आणि स्वतःच टीव्हीशेजारी उभे राहिलात. "गाणं काढलं तरी हे उभं राहतं," तुम्ही म्हणालात. "या वर्गातलं पहिलं." मग छडी घेऊन पडद्यावर दाखवत गेलात. इथे कॅमेरा खाली ठेवल्यामुळे माझं पोट मोठं दिसतंय, मुद्दाम असेल तर बरोबर. इथे उजेड पाठीमागून आलाय, चेहरा गेला. बदाम चांगले, पण निम्मे पुरले असते.

पंगतीपाशी मात्र तुम्ही तीनदा मागे गेलात. खांद्यावर हात पडतो, आणि पुढचं दृश्य एकदम वरातीचं. "पुढचं का नाही दाखवलं?" तुम्ही विचारलंत. "मग मी सांगतो. पुढे मला भरल्या ताटावरून उठवलं. ज्याने हे काढलं तो समोर होता, त्याच्याकडे ते नक्की होतं. ते दाखवलं असतं तर हसून हसून तुमची पोटं दुखली असती. त्याने ते कापलं. बाकीचं सगळं मी तुम्हाला शिकवू शकतो, कुठे नजर वळवायची ते नाही शिकवता येत. कोणी केलंय?" मी हात वर केला. तुम्ही शिव्या दिल्या असत्या तर केला नसता.

सीडीच्या कॉप्या मीरा रोडभर फिरल्या. क्लासचे मालक म्हणाले, "लग्नाच्या शूटिंगवाल्याकडून शिकायला कोण येणार, सर?" पुढच्या बॅचच्या बोर्डावर तुमचं नाव नव्हतं. जाता जाता तुम्ही मालकांना सांगितलंत की नव्या मुलांना शिकवायला या मुलीला घ्या, तिच्याकडे नजर आहे. मी घेतली ती जागा, एक दिवसही विचार न करता. चार वर्षांनी भाईंदरच्या दवाखान्यात तुम्हाला भेटायला आले, तेव्हा तुम्ही नळ्यांमधून बाईंना, तुमच्या पत्नीला, म्हणालात, "हीच ती. सगळ्यांनी उठवलं, हिने नाही उठवलं." बाईंनी माझे दोन्ही हात धरले. मी हात धरू दिले आणि मोसंबी सोलत बसले.

तो व्हिडिओ मी प्रत्येक बॅचला दाखवते. आजही त्या रडक्याला धीर यावा म्हणून दाखवला. एका मुलीने विचारलं, "मॅडम, इथे कट का केलात? पुढे तर धमाल असणार ना!" मी तुमचं वाक्य माझं म्हणून सांगितलं. नजर कुठे वळवायची ते शिकवता येत नाही. तिने ते लगेच मोबाइलमध्ये लिहून घेतलं.

सर, बॅटरी संपली होती. तुमच्या खांद्यावर हात पडला आणि हँडीकॅम बंद झाला. मी तो मांडीवर आपटला, शिवी घातली, मांडवात प्लगसाठी धावले, तो चार्जिंगला लावला. परत आले तेव्हा तुम्ही ताट हातात धरून उभे होतात आणि ते कुठे ठेवायचं ते तुम्हाला कळत नव्हतं. मी ते सगळं पाहिलं. मला तुमची कीव आली नाही, शॉट गेला म्हणून रडू आलं. त्या रात्री घरी जेवलेही नाही, तेही एवढ्यासाठीच.

तुम्ही आता राहिला नाहीत, पण हे बाईंच्या पत्त्यावर पाठवता आलं असतं. त्या अजून भाईंदरलाच राहतात आणि दर दिवाळीला माझ्याकडे फराळाचा डबा पाठवतात, ह्यांना ताटावरून न उठवणारी मुलगी म्हणून. हे वाचलं तर डबा बंद होईल. त्यांच्या चकल्या मला फार आवडतात.