पाठमोरा बाप

ती. कृष्णाबाय,

काळूरामचा उरणहून वाकून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? नागावला तुझ्या भाड्याच्या खोल्यांत पाहुण्यांची गर्दी असेल, तरी त्यांच्या पोह्यांपायी सारखे जिने चढू नकोस. पत्र लिहितोय, कारण फोनवर तू मला बोलू देत नाहीस.

तर आपल्या हेमालीचं पुस्तक छापून आलं. सगळं चित्रांतच, आपल्या घराबद्दल आणि तिच्या लहानपणाबद्दल. मी हौसेनं पेढे आणून मग उघडलं. तिची आई पानोपानी आहे, कोलंबी सोलताना, रागावताना, हसताना. आपला मोत्यासुद्धा (जो तिला चावला होता) तोंड वर करून ऐटीत बसलाय. आणि मी सगळीकडे पाठमोरा. ट्रेलरमध्ये चढताना पाठमोरा, फोनवर पाठमोरा, तिच्या बक्षीस समारंभातून मध्येच निघताना पाठमोरा. आमच्या धंद्यातल्या भावेशनं मला टकलावरून ओळखलं आणि न्हावा शेवा बंदराच्या गेटवर सगळ्या ड्रायव्हरांना दाखवलं.

मी तिला विचारलं, "बापाला तोंड न्हाय का?" ती शांतपणे म्हणाली, "काढून बघितलं, बाबा. समोरून आठवेना." मी अंगणात जाऊन ट्रेलरची हवा तपासली. हवा ठीक होती.

दुसऱ्या दिवशी पुतण्याच्या लग्नातला सदरा घालून (पोटावरचं बटण लागेना) तिच्यासमोर खुर्चीत बसलो. म्हटलं, काढ. बाय, इतका वेळ माझ्याकडे कोणी बघितलं नव्हतं, तुझ्या भावजयीनं लग्न ठरवतानासुद्धा नाही. फोन वाजला की माझी मान आपोआप वळायची आणि ती खोडरबर उचलायची. शेवटी फोन मीच तांदळाच्या डब्यात टाकला. तिनं विचारलं, "कसला विचार करताय?" मी म्हटलं, "डिझेलचा." ती एवढी हसली की पेन्सिल पडली. मग चित्रात माझ्या डोक्यावर विचाराचा फुगा काढून तिनं तसंच लिहिलं. चित्रात मी थेट आबांसारखा दिसतो, असं तिची आई म्हणते. (मला सांगता येईना. आपणही आपल्या बापाला मिठागराकडे जाताना पाठमोरंच बघितलं.)

तुझा धाकटा,
काळूराम

ता. क. हेमाली शनिवारी तुझ्याकडे येतेय. मी डिझेलचा विचार करत नव्हतो. चित्र काढताना तिची जीभ दातांत येते. मी गाडी लावून उशिरा घरी यायचो, तेव्हा झोपेतही तशीच असायची. तेच बघत होतो. हे तू तिला सांग, मी सांगितलं म्हणू नकोस.

आणखी ता. क. पत्र तिच्याच हाती पाठवतोय. पाकीट चिकटवलेलं नाही. डिंक घरात आहे.