सगळं माझ्या लेयरवर उभं आहे

३ मार्च, सोमवार
आजपासून रोजनिशी. थोर कामाची नोंद ते काम करणाऱ्यानेच ठेवावी. इतरांना थोरपण कळायला वेळ लागतो, आमच्या ऑफिसात तर फारच.
काम डोळ्यांच्या हॉस्पिटलचं. ऑपरेशन थिएटरच्या वेळा जुन्या डेटाबेसमध्ये, डोळ्यात बसवायच्या लेन्सचा साठा नव्या डेटाबेसमध्ये. पेशंटचं बुकिंग म्हणजे आधी लेन्स बाजूला काढायची, मग थिएटरची वेळ धरायची. वेळ मिळाली नाही तर लेन्स परत साठ्यात जमा. याला रोलबॅक म्हणतात. एवढ्याशा गोष्टीला आमची मंडळी 'अवघड' म्हणतात. भित्रट कुठले! मी दोन्हींच्या डोक्यावर कोडचा एकच थर, म्हणजे लेयर, लिहिणार. वरून हुकूम सुटेल आणि खाली कुठलाही डेटाबेस असो, मुकाट्याने पाळेल.
मीटिंगमध्ये यावर चाळीस मिनिटं बोललो. महिनाअखेरीस साहेब चीफ आर्किटेक्ट जाहीर करणार आहेत, त्यामुळे आवाज मुद्दाम चढा ठेवला. भाषण संपलं तेव्हा खोलीत साहेब आणि प्रोजेक्टर उरले होते. प्रोजेक्टर बंद पडलेला होता.

४ मार्च, सकाळी ८
सासूबाईंचा मोतीबिंदू पिकलाय. ऑपरेशन याच हॉस्पिटलात, चोवीस तारखेला. हिला म्हटलं, बुकिंग माझ्या सिस्टिमवर मी स्वतः करणार. ही म्हणाली, अहो, राहू द्या ना, आईचं सगळं सुरळीत चाललंय. सासूबाई फोनवर म्हणाल्या, जावईबापू, सिस्टिम तुमची असली तरी डोळा माझा आहे.
अज्ञानाला वयाची अट नाही.

६ मार्च, दुपारी ४.५०
लेयर लिहून झाला. २१२ ओळी. एकही फालतू नाही.
नव्या डेटाबेसचा रोलबॅक तेवढा राहिलाय. तिथे सध्या 'झालं, यशस्वी' एवढंच उत्तर ठेवलंय. आत काही नाही. चार ओळींचं हमालीकाम आहे, उद्या सकाळी उरकतो. निर्मात्याने निर्मितीकडे लक्ष द्यावं. आवराआवर कुणीही करतं.

७ मार्च
आज लेयरवर लेख लिहायला घेतला. कंपनीच्या अंकासाठी. बाकी काही राहिलंय असं वाटत नाही.

१० मार्च, सोमवार
टेस्टिंगवालीने बग टाकला, म्हणजे सिस्टिममधल्या दोषाची लेखी तक्रार. म्हणे थिएटरची वेळ नाकारली गेली की लेन्स साठ्यातून जाते ती परत येत नाही. मी तिला माझा लॅपटॉप दाखवला: चाळीसच्या चाळीस टेस्ट हिरव्या! ती म्हणाली, सर, तुमच्या लॅपटॉपवर दोन्ही डेटाबेस नाहीतच. दोन्हींच्या जागी मेमरीतला एकच खोटा डेटाबेस आहे. म्हणजे एकच माणूस दोन आवाजांत बोलतोय आणि स्वतःशीच सहमत होतोय.
वर हसली. या पिढीला रूपकं सुचतात, सिद्धांत झेपत नाहीत.
बग बंद केला. कारण लिहिलं: 'असं होत नसतं.'

१२ मार्च
तिने बग पुन्हा उघडला. मी बंद केला. तिने उघडला. मी बंद केला. जेवून आलो तर उघडा. माझ्याकडे अधिकार आहे, तिच्याकडे फक्त पुरावा. बघू कोण टिकतं ते.

१४ मार्च
हॉस्पिटलात डेमो. माझी खास कल्पना सादर केली: लेन्सच्या काचेच्या कपाटाला इलेक्ट्रिक कुलूप. सिस्टिमने बुकिंग मान्य केलं तरच उघडेल. माणसाचा हस्तक्षेप शून्य! साहेब खूश.
मोठ्या सिस्टरनी विचारलं, आणि तुमची सिस्टिम चुकली तर? मी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. पंचवीस वर्षं ही बाई एका जाडजूड रजिस्टरमध्ये पेन्सिलीने नावं लिहिते आणि रबराने खोडते. तिला सुसंगती म्हणजे काय हे मी कुठून सांगायला सुरुवात करणार? तरी केली. वीस मिनिटांनी त्या म्हणाल्या, सर, माझे पेशंट खोळंबलेत, तुमचं चालू द्या. आणि गेल्या.

१७ मार्च, सोमवार
सिस्टिम सुरू. अकरा ऑपरेशन्स, एकही तक्रार नाही. टेस्टिंगवालीचं तोंड बघण्यासारखं झालं असणार. आज ती रजेवर होती.

१९ मार्च, दुपारी १२
मोठ्या सिस्टरचा फोन. सिस्टिममध्ये लेन्स नऊ आणि कपाटात चौदा. काचेतून तीनदा मोजल्या म्हणे.
मी शांतपणे सांगितलं, चौथ्यांदा मोजा.
चौथ्यांदाही चौदा. मग स्पष्टच सांगावं लागलं की सिस्टिम आणि कपाट यांच्यात फरक आला तर दुरुस्ती कपाटात करायची असते. पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. पटलं असावं.

२२ मार्च, शनिवार
सासूबाईंचं बुकिंग घरून केलं. त्यांच्या नंबरच्या चारच लेन्स साठ्यात होत्या, पुरेशा. नऊची वेळ मागितली: 'वेळ गेलेली आहे.' सव्वानऊ: गेलेली. साडेनऊ, पावणेदहा: गेलेली. किती ठाम, किती स्वच्छ नकार! सरकारी खिडकीवर असा नकार मिळत नाही. पाचव्यांदा अकराची मागितली तर स्क्रीनवर आलं: 'या नंबरची लेन्स शिल्लक नाही.'
स्क्रीन ताजी झाली नसणार. सोमवारपर्यंत होईल. हिने विचारलं, झालं का? म्हटलं, झालं.

२४ मार्च, सोमवार
आधी वस्तुस्थिती, मग माझी बाजू.
मोठ्या सिस्टरनी सासूबाईंचं नाव आधीच आपल्या रजिस्टरमध्ये अकराला लिहून ठेवलं होतं. त्यामुळे साडेदहाला त्या हिरवा गाऊन घालून, डोळ्यात थेंब घालून तयार. डॉक्टर तयार. कपाट उघडेना. सिस्टिमच्या मते लेन्स शून्य. काचेपलीकडे चार लेन्स चार डब्यांत मांडलेल्या, नंबरसकट वाचता येत होत्या.
साडेअकरा झाले. बारा झाले. थेंब पुन्हा घालावे लागले. ही माझ्याशी बोलत नव्हती. सासूबाईंना काही नीट दिसत नव्हतं, तरी बरोबर माझ्या दिशेला तोंड करून म्हणाल्या, जावईबापू, आत लेन्स आहे ना? मी म्हटलं, भौतिकदृष्ट्या आहे. त्या म्हणाल्या, मग माझ्या डोळ्यातही भौतिकदृष्ट्याच बसवायची आहे हो. शेजारच्या खाटेवरचे आजोबा एवढे हसले की त्यांचं बीपी पुन्हा मोजावं लागलं.
शेवटी देखभालवाला स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आला आणि त्याने दाराच्या बिजागऱ्याच काढल्या. माझं कुलूप शेवटपर्यंत उघडलं नाही, याची कुणी दखल घेतली नाही. साडेबाराला ऑपरेशन झालं. चांगलं झालं म्हणतात.
आता माझी बाजू. (उद्या लिहितो. हिने दिवाणखान्यात अंथरूण टाकलंय. माझं.)

२५ मार्च
साहेबांसमोर टेस्टिंगवालीने कोड उघडला. नव्या डेटाबेसचा रोलबॅक: आत काही नाही, फक्त 'झालं, यशस्वी'. साहेबांनी विचारलं, हे कुणी लिहिलं? तिने इतिहास उघडला. माझं नाव. सहा मार्च, चार पन्नास.
म्हणजे शनिवारी चार वेळा वेळ नाकारली गेली आणि चारही वेळा लेन्स गेली ती गेलीच. सासूबाईंच्या चारही लेन्स मीच संपवल्या, असा त्याचा अर्थ काढण्यात आला. घाईचा अर्थ! मी म्हटलं, ही ओळ जाणीवपूर्वक मोकळी सोडली होती, पुढच्या पिढीसाठी. साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले.

२८ मार्च, शुक्रवार
चीफ आर्किटेक्ट: टेस्टिंगवाली. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या, तुच्छतेने. फरक कुणालाच कळला नाही.
साहेबांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, तुम्ही तुमचा लेयर सांभाळा. ठीक आहे! खुर्च्या येतात-जातात. पाया ज्याच्याकडे, इमारत त्याची.

२ एप्रिल
पाच दिवसांत एकही लेन्स हरवलेली नाही. सिस्टिम नऊ, कपाट नऊ. लेयर आता मुरला. हॉस्पिटलात जाऊन मोठ्या सिस्टरना बजावून आलो की बघा, शेवटी जिंकलं कोण. त्या बरं म्हणाल्या.

४ एप्रिल, शुक्रवार
नव्याने नोकरीला लागलेल्यांसमोर तासभर बोललो. लेयरचा एकेक गुण आजच्या आकड्यांनिशी सिद्ध करून दाखवला. टेस्टिंगवाली मागे उभी होती. शेवटपर्यंत ऐकून गेली. मान्य असावं. मान्य करायलाही मोठेपण लागतं, तिच्यात थोडं येतंय.

७ एप्रिल, सोमवार
लेयर काढून टाकलाय. आज नाही, २८ मार्चच्याच संध्याकाळी. तिने लेन्सचा साठाही जुन्या डेटाबेसमध्ये आणला. आता एकाच ठिकाणी दोन्ही नोंदी होतात किंवा दोन्ही होत नाहीत. माझ्या २१२ ओळींतली एकही कुठे चालत नाही.
मला का कळवलं नाही, असं साहेबांसमोर कडाडून विचारलं. ती म्हणाली, सर, मेल केली होती. शोधली. होती. खाली माझं उत्तर: 'क्षुल्लक बदल. मंजूर.'
साहेबांनी विचारलं, मग गेले दहा दिवस तुम्ही नक्की काय सांभाळत होता?
उद्या लेखी देतो म्हटलंय.