धूरभक्षक

३ जून, सकाळी
नगरपालिकेची नोटीस. शहराचा कार्बन कमी करायचाय म्हणे! कोळशाचे बॉयलर तीन महिन्यांत बंद. स्वतः काही सुधारणा करून धूर निम्म्यावर आणला तरच मुदतवाढ. लाँड्री माझी, हॉटेलांच्या चादरी मी धुतो, आणि हे मला शिकवणार? नोटीस फाडली. खुर्ची मोडली. एरवी मी शांत माणूस आहे.
संकल्प : रागवायचं नाही. शोध लावायचा.

४ जून
शोध लागला. चिमणीचा धूर पाण्याच्या बंद ड्रममध्ये सोडायचा. बुडून मरेल. नाव : धूरभक्षक. बायकोने विचारलं, मेलेला धूर जाणार कुठे? बायकांना सायन्स कळत नाही.

९ जून
बॉयलरवाले काका आगाऊपणा करायला लागलेत. म्हणे, धुण्याचं कढत पाणी गटारात जातं, त्यातून नळी फिरवून नवं पाणी तापवू, कोळसा निम्मा लागेल. त्यांनी नळी जोडूनही ठेवली होती! उपटली आणि भिरकावली. काकांच्या नडगीला लागली. रक्त आलं, पण थोडंच.

१६ जून
तपासणीच्या मॅडम आल्या. त्यांच्या यंत्रात धूर वाढलेला दिसला. यंत्र खोटं बोलत होतं, म्हणून पान्याने फोडलं. मॅडमना बोटही लावलेलं नाही, याची नोंद असावी. मेहुणा मध्ये पडला. त्याचा एक दात पडला. मध्ये कशाला पडायचं? पोलीस येऊन गेले. बायकोने हात जोडले, मॅडमनी तक्रार मागे घेतली. माझ्या धाकाने.

२१ जून, दुपारी ३
फायनल ट्रायल. ड्रम वेल्डिंग करून पॅक. काका म्हणाले, मालक, धुराला वाट ठेवा, नाहीतर भट्टी उलटी पेटेल. त्यांना कॉलर धरून बाहेर काढलं. आता पेटवतो.

२७ जून, हॉस्पिटल
डाव्या हाताने लिहितोय. भट्टीचं दार उडालं, इस्त्रीचं मशीन आडवं झालं, मागची भिंत गेली. उजवा हात कोपरापर्यंत भाजला. काका आगीत शिरले आणि मला फरफटत बाहेर आणलं. त्यांच्या भुवया जळाल्या. मी त्यांना मोठ्या मनाने माफ केलं. तसं बोलून दाखवल्यावर बायकोने कानाखाली वाजवली. पेशंटला! नर्सकडे दाद मागितली. ती म्हणाली, दुसऱ्या कानाला ड्रेसिंग आहे, नाहीतर तिथेही मिळाली असती.

१४ ऑगस्ट
लाँड्री सुरू. सध्या बायको बघते. काकांची नळी बसवली. कोळसा निम्मा, धूर निम्मा, मुदतवाढ मंजूर. मॅडम स्वतः कागद घेऊन आल्या. सगळ्यांसमोर त्यांनी विचारलं, शोध कोणाचा?
मी उभा राहिलो.
बायको हळूच म्हणाली, अहो, बसा.
काका पुढे गेले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मेहुण्याने सर्वांत जोरात. मलाही टाळी वाजवावीशी वाटली, खरंच. पण उजवा हात अजून बँडेजमध्ये, आणि एका हाताने टाळी वाजत नाही. डावा हात मांडीवर आपटून पाहिला.
कोणाला ऐकू गेलं नाही.