हात उचला

सोमवार, ४ ऑगस्ट

धाकटे, ती शनिवारची दुपार आठवते का गं? कॉन्व्हेंटच्या मागच्या व्हरांड्यात आपण दोघी एकाच दौतीतून पेनं भरत होतो आणि तुझ्या कोपराने दौत लवंडली. सिस्टरांची लाकडी पट्टी वर गेली. आपण दोघींनी एकदमच हात पुढे केले, निळेशार. त्या चार तळव्यांकडे बघून सिस्टरांना हसू फुटलं आणि पट्टी टेबलावर ठेवली गेली. एवढंच. पण मी शिकवणारी बाई झाले ती त्या दुपारी. शाळा सोडताना त्यांनी मला तीच पट्टी दिली, आणि आजवर तिने फक्त समास आखले. इतकी वर्षं शिकवलं, पण पोरांवर हात म्हणून उचलला नाही.

आज नव्या शाळेत रुजू झाले. या वयात कोण विचारतं म्हणा! वर्गात ओल्या रंगाचा वास आहे, खिडक्या मोठ्या, बाकं गोल कोपऱ्यांची. प्रत्येक मुलाच्या हातात काचेची पाटी आणि सगळे धडे एका वेबसाइटवर. ती शिकवायला वायरमामा आला. शाळेचे संगणक तो सांभाळतो, आणि पोरांचा मामा तो माझाही मामा. म्हणाला, मराठी बटणं यंत्रानेच भाषांतर करून टाकलीत, हसू नका. मी हसलेच, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. मुलाला काही विचारायचं असेल तर त्याने हात वर करायचा, तर बटणावर काय, ‘हात उचला’! आवाज थांबवायला ‘तोंड बंद करा’. चाचणीचे गुण दाखवायला ‘निकाल लावा’. आणि तास आटोपायला ‘सर्वांना संपवा’. मी म्हटलं, मामा, ही शाळा आहे की कसाईखाना? तो म्हणाला, यंत्र आहे बाई, शब्दाला जागतं.

गुरुवार, ७ ऑगस्ट

हळूहळू जमतंय. खरी शिक्षिका म्हणजे मुंगी. वर्गातली सगळ्यांत चिमुकली, पहिल्या बाकावरची. चित्र मोठं करायला दोन बोटं कशी फाकवायची ते तिने माझी बोटं धरून शिकवलं. वर म्हणाली, बाई, तुम्ही पाटीला इतकं घाबरून हात लावता, जशी ती चावणारच. तिच्यामागे गप्पीदास बसतो, त्याची जीभ झोपेतही थांबत नसेल.

भिंतीवरचा फळाही काचेचा, विजेवर चालणारा. त्यावर सगळ्यांची नावं हिरव्या अक्षरांत उभी दिसतात. वर माझं, खाली मुंगीचं, मग गप्पीदासचं, मग बाकीची. कुणी बटण दाबलं की नावापुढे पिवळा हात उगवतो. गोड दिसतं.

सोमवार, ११ ऑगस्ट

आज विचित्र झालं. मुंगीने शंका विचारायला बटण दाबलं आणि मागे फाडकन आवाज. गप्पीदासच्या गालावर पाचही बोटं उमटलेली. तो शेजारच्याच्या अंगावर धावून गेला. शेजारचा रडकुंडीला, आईशप्पथ मी नाही. मी दोघांना दटावलं. पण तो गाल मी जवळून पाहिला गं. ती बोटं मुलाची नव्हती. फार लांब होती.

बुधवार, १३ ऑगस्ट

बटण दाबलं की कुणाला तरी लागतं, असं पोरं कुजबुजतात. कुणी पाटीला हात लावेना. मला वाटलं, भीती घालवायची तर आपणच पुढे व्हावं. म्हटलं, बघा हं, बाई स्वतः दाबतात. आणि दाबलं.

मुंगी बाकावरून उडाली. भिंतीवर आपटली. तोंडातून रक्त, आणि पुढचा दात माझ्या पायाशी येऊन पडला.

तेव्हा फळ्याकडे नजर गेली. पिवळा हात माझ्या नावापुढे होता. ज्याच्या नावावर हात उठतो, त्याच्या खालच्यावर तो पडतो.

ती रडली नाही. फक्त माझ्याकडे बघत राहिली. तिला वाटलं, मी मारलं. आणि मारलं मीच ना?

गुरुवार, १४ ऑगस्ट

मुंगीची आई फाटकात उभी राहून बोलली, म्हातारी झाली तरी हात शिवशिवतात. मुख्याध्यापिकांना, म्हणजे मोठ्या बाईंना, मी बटणाचं सांगितलं. त्या म्हणाल्या, नाचता येईना अंगण वाकडं. सोमवारपासून हा वर्ग त्या स्वतः घेणार, मी मागे बसायचं.

वेबसाइटवर एक चौकट आहे, ‘चांगला शब्द सुचवा’. मी लिहिलं, ‘हात उचला’ नको, ‘हात वर करा’ असं हवं. लगेच उत्तर आलं. धन्यवाद. आम्ही हात वर केले आहेत.

सोमवार, १८ ऑगस्ट

गप्पीदास बडबडत होता. मोठ्या बाईंनी त्याच्या नावापुढचं ‘तोंड बंद करा’ दाबलं. मी मागून ओरडले, पण उशीर झाला.

त्याचे ओठ एकमेकांत मिसळले. रेघसुद्धा उरली नाही, नुसती सपाट कातडी, आणि आतून जीभ धडका देत होती. दवाखान्यात ब्लेडने कापून तोंड उघडलं. पुन्हा जुळलं. पुन्हा कापलं.

मोठ्या बाई कोपऱ्यात बसून आपलंच बोट चावत होत्या. रक्त आलं तरी थांबेनात.

मंगळवार, १९ ऑगस्ट

पाट्या कपाटात घालून कुलूप लावलं. मुलं घरी. शाळेची वीज बंद. तरी फळा चालू आणि नावं हिरवी.

वायरमामा आला. फळाच भिंतीवरून उपटतो म्हणाला. त्याने मागे कधी चाचणी तपासायला स्वतःचं नाव घातलेलं, ते राहून गेलं होतं. त्याने पान्याने पहिला बोल्ट काढला आणि ‘निकाल लावा’ आपोआप दाबलं गेलं. मी डोळ्यांनी पाहिलं, बटण आत गेलं, कुणी नव्हतं—

त्याची मान फिरली. ओल्या कपड्याला पीळ घालावा तशी. मग परत. मग पुन्हा. हाडांचा आवाज— फळ्यावर लिहून आलं, निकाल लागला.

मामा, तू खरं बोललास. शब्दाला जागतं.

बुधवार, २० ऑगस्ट

पोलीस आले. खोलीला बाहेरून कडी घातली आणि मामाचा देह घेऊन गेले. मी खिडकीतून आत शिरले. मला जायलाच हवं होतं. फळ्यावर आकडे उलटे पळतायत. तास संपत आला, घंटा झाली की ‘सर्वांना संपवा’ आपोआप दाबलं जाणार. सगळी पोरं त्यात आहेत. आपापल्या घरी, आयांच्या मांडीवर—

सगळी बटणं शोधली. ‘वर्ग सोडा’ आहे. दाबलं तर विचारतं, वर्ग कुणाच्या हवाली करू? खाली पोरांची नावं. कुणाचं निवडू? नाही.

एकच उरलं. ‘वर्ग मोडा’. त्याखाली बारीक अक्षरांत, आधी शिक्षकाला मोडा.

तेच—

धाकटे, नीट वाच. ही वही तुला. सिस्टरांची पट्टीही तुला. हात पुढे करायला तू माझ्याबरोबर होतीस. पेन गप्पीदासला, बोलता येईपर्यंत त्याला लिहू देत. पेटीतली शाल वायरमामाच्या बायकोला. मोठा शब्दकोश त्या वेबसाइटवाल्यांना, टपालखर्च माझ्या पाकिटातून. रुमालात बांधलेला दात मुंगीचा. तो तिचा तिला.

डाव्या हाताने दाबते. उजवा लिहायला—

दाबलं.

डावी करंगळी. मग तिच्याशेजारचं. क्रमाने मोडतंय, घाई नाही त्याला— मनगट—

फळ्यावरची नावं विझतायत. खालून. एकेक. पोरं सुटली— गप्पीदास सुटला. मुंगी अजून— खांदा— बरगड्या— उजवा हात आत्ता—

मुंगीचं नाव विझलं. विझलं गं.

तिला सांग, बाईंनी मुद्दाम हात—