गुरुवारी बसतो

६ फेब्रु., गुरुवार
बर्फ. दोनदा ड्राइव्हवे साफ केला, कंबर गेली. मि.ला आणायला स्टेशनवर गेले, तर नेहमीच्या गाडीतून उतरलाच नाही. मेसेज: 'चुकली. पुढच्या गाडीने येतो.' मागच्या गुरुवारी चुकली, त्याच्या आदल्याही. वीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढलेल्या माणसाची गाडी फक्त गुरुवारीच कशी चुकते? पाऊण तास पार्किंगमध्ये थांबले. आल्यावर मफलर नीट करायच्या निमित्ताने वास घेतला. नव्हता. घरी कोट काढताना पुन्हा घेतला, तर अन्वी म्हणाली, "आई, स्टॉप स्मेलिंग बाबा." सोळा वर्षांच्या पोरीला कळतं, नवऱ्याला कळत नसेल?

८ फेब्रु., शनिवार
वॉशिंग मशिनमध्ये कपडे टाकत होते. मि. गराजमध्ये सुधीरशी फोनवर. सुधीर आता लांब, प्लेनोला. इथे होता तेव्हा दर गुरुवारी ऑफिस सुटल्यावर दोघं एकाच बारमध्ये. मि. हसत म्हणत होता, "गुरुवारी बसतो ना. तासभरच. नाही रे, एकटा कुठे, ते दोघं असतातच."
बसतो.
आपल्याकडे माणूस जेवायला बसतो, अभ्यासाला बसतो, गप्पा मारत बसतो. पण नुसता 'बसतो' म्हटलं की एकच अर्थ. माझ्या लग्नात नागपुरात मामेभाऊ 'कुठे बसायचं?' विचारत फिरत होते, ते काही खुर्च्या शोधत नव्हते.
दारू सोडून चौदा महिने झाले होते. चौदा. हातात त्याचा एक ओला मोजा, तो धरून किती वेळ उभी होते कोण जाणे.

९ फेब्रु., रविवार
गजभियेकाकांच्या बेसमेंटमध्ये बुद्धवंदना. पंचशील म्हणताना मि. चार शीलं खणखणीत म्हणतो. पाचव्याला, दारूच्या, गप्प. दारू सोडल्यापासून असाच. मला वाटायचं लाजतो. आज वाटलं, चला, निदान खोटं तरी बोलत नाही. असला राग आला की काकूंनी केलेली खीर न खाता निघाले.
घरी विचारलं नाही. विचारलं तर तो सांगेल, आणि सांगितलं तर मला माझं बोलणं खरं करावं लागेल. 'पुन्हा घेतलीस तर मी अन्वीला घेऊन वेगळी राहीन.' हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये म्हणाले होते, त्याने गाडी खांबावर घातली त्या दिवशी. अन्वी मागच्या सीटवर होती. हनुवटीवर खूण अजून आहे. त्याचं लायसन्स तेव्हापासून नाही. मी बोलले ते खरंच करीन, हे त्याला माहीत आहे. मलाच अधूनमधून खात्री नसते.

११ फेब्रु., मंगळवार
लंचमध्ये भाड्याची टू बेडरूम अपार्टमेंट्स बघितली. टॅब बंद केला. परत उघडला. शाळा न बदलता मिळतील अशी दोनच.
गुरुवारी स्वतः जाऊन बघायचं ठरवलं. ऑफिसात डेंटिस्ट सांगितला. लग्नाला अठरा वर्षं झाल्यावर नवऱ्याचा पाठलाग, तोही स्नोबूट घालून.

१३ फेब्रु., गुरुवार
सगळं लिहून ठेवते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.
त्याच्या ऑफिससमोरच्या कॉफी शॉपमध्ये काचेला नाक लावून. साडेचारला बाहेर पडला. सुधीरबरोबरचा तो बार आला. मि. त्याच्यासमोरून सरळ पुढे. मी मागे. दोन ब्लॉक, सिग्नल, आणि स्वारी थेट म्युझियमच्या पायऱ्या चढून आत. वाटलं, आत बार असेल. असतोच हल्ली कुठेही.
वरच्या मजल्यावर फ्रेंच चित्रांची खोली. मि. एका बाकावर. समोर चित्र. मी दाराआड.
चित्र शे-सव्वाशे वर्षांपूर्वीचं, चित्रकाराचं नाव मला उच्चारता येणार नाही. गुत्त्याबाहेर दोन माणसं बसलेली. कोट विटलेले, एकाच्या बुटाचा तळ सुटलेला. टेबलावर दोन ग्लास, हिरवट. एकाचा अर्धा, दुसऱ्याचा भरलेला. दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. भरल्या ग्लासवाल्याने हात दोन गुडघ्यांत दाबून धरलेत. हे हात मी ओळखते. पहिल्या महिन्यात मि. सोफ्यावर असेच ठेवायचा.
'ते दोघं असतातच.' हे दोघं!
इतकं हायसं वाटलं की भिंतीला टेकले. गार्ड धावत आली, भिंतीपासून लांब व्हा म्हणाली. मि.ने वळून पाहिलं.
"तू? अन्वी ठीक आहे ना?"
"तूच सुधीरला म्हणालास, बसतो म्हणून."
त्याला कळायला क्षणभर लागला. मग इतका हसला की गार्डने पुन्हा बघितलं. हसता हसता डोळे पुसायला लागला. मीही.
शेजारी जाऊन बसले. मग सांगितलं त्याने. गुरुवारी चार वाजले की अजून घशाला कोरड पडते. डिसेंबरात एकदा पावलं बारकडे वळली, म्हणून घाबरून समोर दिसलं त्या दारात शिरला, ते हे. म्हणाला, "हा उजवीकडचा बघ. ग्लास समोर आहे आणि उचलत नाही. मी तासभर त्याला सोबत करतो."
"मला का नाही सांगितलंस?"
"सांगितलं असतं तर तू दर गुरुवारी विचारलं असतंस, कसं झालं."
विचारलंच असतं. हे मात्र मान्य.
तरी मी म्हटलं, चित्रकार मोठा असेल, पण या दोघांच्या बायका कुठे आहेत? त्यांनाही काढायचं होतं. तो म्हणाला, एक आता इथे येऊन बसलीये.
दोघं एकाच गाडीने परत. खिडकीला डोकं टेकून झोपले ती आमचं नेपरव्हिल स्टेशन आल्यावरच उठले.

१४ फेब्रु., शुक्रवार
अन्वीला जेवताना सगळं सांगितलं. "यू स्टॉक्ड हिम? टू अ म्युझियम?" पोट धरून हसली. मग वर जाता जाता बाबाच्या गळ्यात पडली. कितीतरी दिवसांनी.
अपार्टमेंटचे टॅब बंद केले. सुधीरला फोन करून झापलं, माहीत असून मला सांगितलं नाही म्हणून. तो म्हणतो, वहिनी, मीही आधी तेच समजलो होतो, मला तर रडायलाच आलं होतं. त्याच्यावरचा निम्मा राग गेला. निम्मा राहू दे.

२३ फेब्रु., रविवार
सकाळी गजभियेकाकूंची माफी मागितली, खिरीची. डबा भरून दिला.
मि. बेसिनशी भांडी घासत म्हणाला, म्युझियममधली ती खोली बंद होतेय. रंगकाम. चित्र उन्हाळ्यापर्यंत गोदामात. अगदी सहज बोलला. मी पण सहज 'हो का?' म्हटलं. दोघांनाही नाटक जमत नाही.
म्हटलं, दुसरं एखादं चित्र बघ. कमळांची खूप आहेत तिथे. म्हणाला, कमळांशी काय बोलू?

२७ फेब्रु., गुरुवार
खोली बंद झाल्यावरचा पहिला गुरुवार. दुपारी एकही मेसेज केला नाही त्याला. तीनदा टाइप केला, तीनदा पुसला.
स्टेशनवर वीस मिनिटं आधी. नेहमीच्या गाडीतून उतरला. कारमध्ये माझ्या शेजारी बसला, बेल्ट लावला. मी किल्ली फिरवणार तोच म्हणाला, "थांब. बारच्या दारापर्यंत गेलो होतो. दहा मिनिटं उभा होतो. मग गाडी धरायला पळालो."
मला वाटलं होतं, असं काही ऐकलं तर मी ओरडेन. नाही ओरडले. विचारलं, "पुढच्या गुरुवारी?"
"माहीत नाही."
चौदा महिने रोज 'सगळं ठीक आहे' ऐकत आले. एकदाही विश्वास बसला नव्हता. याच्यावर बसला, लगेच. पार्किंग रिकामं होईपर्यंत आम्ही तिथेच होतो, हीटर लावून. मग घरी येऊन कणीक मळली.