आईच्या पडद्याचं छिद्र

१० नोव्हेंबर, तामसी

आईला माझं नाक दिसत नाही! कान दिसतात, केस दिसतात, मधे नुसतं धुरकट. नागपूरचे डॉक्टर म्हणाले — डोळ्याच्या पडद्याला ऐन मध्यावर छिद्र. ऑपरेशनचे रस्ते दोन. पडद्यावरचा पातळ पापुद्रा सोलून टाकून द्यायचा. नाहीतर काठाशी चिकटलेला ठेवून, उलटा करून छिद्रावर पांघरायचा. विचार करून सांगा म्हणे!

११ नोव्हेंबर

दिवसभर मोबाइलवर तेच वाचलं. लहान छिद्र नुसतं सोलूनही बहुतेक बुजतं. मोठं असलं तर पांघरलेलं जास्त वेळा बुजतं — पण बुजलं म्हणजे दिसेलच, असं नाही. आईचं मोठं आहे.

मंजुषाला — लग्न ठरतंय आमचं — फोनवर समजावून सांगितलं. हसली. "तू सोलून फेकणाराच निघशील. कॉलेज फेकलंस तसं." चिडलो, फोन कापला. मग वाटलं, खोटं काय बोलली?

आईने एका वाक्यात निकाल लावला — "अंगचं हाये ते काऊन फेकायचं? पांघरा म्हण त्यायले."

१८ नोव्हेंबर

झालं ऑपरेशन. पांघरलं. डोळ्यात वायू भरलाय. तो वर चढून डोळ्याच्या मागच्या बाजूचं छिद्र दाबून धरतो. म्हणून तोंड सतत खाली — जेवताना, निजतानाही. "जमिनीशीच बोलून राह्यली मी," आई म्हणते.

२१ नोव्हेंबर

मंजुषाची आई घरी आली. मथुराकाकू! मला पारखायलाच आल्या असणार. चहा केला, कप विसळले, शहाण्यासारखा बसलो.

निघताना आई म्हणाली, "सवाष्ण तशीच कशी जाईन? करंडा आण." काकूंना कुंकू लावलं आणि उलट लावून घ्यायला सरळ तोंड वर केलं! काकूंनी हनुवटी धरून अजूनच उचललं. मी करंडा हिसकावला. "डोळा घालवता का तिचा!" सगळं कुंकू काकूंच्या साडीवर.

काकू साडी झटकत निघून गेल्या. आई खाली पाहत म्हणाली, "मेल्या, सासू होती ना ते तुही!"

२२ नोव्हेंबर

मंजुषाचा फोन बंद.

३ डिसेंबर

नागपूर. छिद्र बुजलं! नजर किती येईल ते डॉक्टरही सांगेनात. येताना बसमध्ये रडलो — आनंदाचं आणि दुसरंही.

४ डिसेंबर

मंजुषाचा फोन! माफी मागू लागलो तर म्हणाली, "थांब, ऐक. माझ्या आईला दाराची चौकट वाकडी दिसते, सुईचं नेढं दिसतच नाही. एकटीच डॉक्टरांना दाखवून आली, घरात कोणालाच बोलली नव्हती. त्या दिवशी तुला विचारायला आली होती — कोणतं ऑपरेशन करावं."